मित्रांबरोबर ऑनलाइन युद्धखेळ: चौघांची वेळ जुळत नाही, काय खेळावं?

नाशिकचा_गडी

मंडळी, जाणकारांनी मदत करावी.

हॉस्टेलला असताना आम्ही चौघं रात्र रात्र लॅनवर एज ऑफ एम्पायर्स कुटायचो. आता एक पुण्यात, एक श्टुटगार्टला, एक न्यू जर्सीत आणि मी नाशकात. परत काहीतरी एकत्र खेळू या, हे ग्रुपवर दर दिवाळीला ठरतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत विरून जातं.

अडचणी अशा:

आपल्याकडे रविवारी रात्रीचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात श्टुटगार्टला संध्याकाळचे पाच आणि जर्सीत सकाळचे अकरा. जर्सीवाला त्या वेळी पोरीला मराठी शाळेत घेऊन गेलेला असतो. त्यात या दोघांची घड्याळं मागे सरकतात तीही वेगवेगळ्या रविवारी, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुणाचे किती वाजले यावरच अर्धा तास जातो. पुणेकराकडे फक्त ऑफिसचा लॅपटॉप आहे, त्यावर काही म्हणता काही इन्स्टॉल करू देत नाहीत. आणि भराभर क्लिक करत बसण्याचं मनगट आता कुणाचंच राहिलेलं नाही.

हवंय ते ऐतिहासिक किंवा आधुनिक लष्करी. ड्रॅगन-बिगन नको. डोकं चालवायला लागलं तर उत्तम, खिसा कमी हलका झाला तर त्याहून उत्तम.

रात्रपाळी

हार्ट्स ऑफ आयर्न ४ घ्या, डोळे झाकून. दुसरं महायुद्ध, एकेकाने एकेक देश घ्यायचा. ज्याने खेळ उघडलाय त्याच्याकडची जादा पॅकं त्या डावापुरती बाकीच्यांनाही चालतात, म्हणजे मूळ खेळ प्रत्येकाने घ्यायचा, पॅकांचा खर्च मात्र एकानेच करायचा. आमचा सहा जणांचा डाव शनिवारी रात्री बसतो.

ठोकळेबाज

रात्रपाळींचा खेळ चांगलाच आहे, पण तिथे चौघांना एकाच वेळी तीन-तीन तास बसावं लागतं, आणि यांचं गाडं नेमकं तिथेच अडलंय. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर तो चढणार कसा?

नाशिककर, आधी तो रविवार सोडून द्या. पत्राने बुद्धिबळ खेळायचे तसं खेळा. एकाने सकाळी चहा घेताना चाल करायची, दुसऱ्याने त्याच्या दुपारी, तिसऱ्याने पोरं झोपल्यावर. मी कित्येक वर्षं असाच खेळतोय आणि माझ्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्याचा आवाजही मी ऐकलेला नाही.

यासाठी रॅली द ट्रूप्स नावाची साइट बघा. ब्राउझरमध्ये उघडते, म्हणजे पुणेकराचा प्रश्न मिटला. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि टेबलावर खेळायचे युद्धखेळ तिथे प्रकाशकांच्या परवानगीने चढवलेत. नियम यंत्र सांभाळतं. जी चाल नियमात बसत नाही ती दाबताच येत नाही, त्यामुळे चाळीस पानी नियमपुस्तक कोणी वाचलं यावरून वाद होत नाहीत. (वाचायचं तरीही. निदान एकाने.) तुमची पाळी आली की मेल येतो.

सुरुवातीला दोघादोघांच्या जोड्या लावा आणि 'ज्युलियस सीझर' घ्या. इसवी सनपूर्व ४९ ते ४५, रोममधली यादवी, सीझर विरुद्ध पाँपी. मूळ खेळात लाकडी ठोकळे उभे असतात. तुमच्या बाजूला सैन्याचं चित्र आणि ताकद, समोरच्याला दिसते ती नुसती रंगीत पाठ. ग्रीसच्या किनाऱ्यावर पाच ठोकळे उभे दिसतात. त्यात स्वतः पाँपी आहे की रडतखडत आलेलं एका ताकदीचं पथक, हे भिडल्याशिवाय कळत नाही. ऑनलाइनही तसंच ठेवलंय. मार खाल्ला की ठोकळा कलंडतो आणि त्याची ताकद एकाने उतरते. क्लिओपात्राचा ठोकळा तर ज्याने तिला हरवलं त्याच्या बाजूला जातो. डाव छोटा आहे, आठवडाभरात निपटतो.

हात बसला की चौघांनी मिळून 'फ्रीडरिश' खेळा. सात वर्षांचं युद्ध, अठराव्या शतकातल्या युरोपातलं. एक जण प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिश, बाकी तिघं ऑस्ट्रिया, रशिया आणि फ्रान्स. हा खेळ मला इतका आवडतो की थोडं सविस्तर सांगतो.

यात फासे नाहीत, पत्ते आहेत. आपलेच: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. नकाशावर चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला एकेक रंग दिलाय. तुमचा सेनापती बदामच्या चौकोनात उभा असेल तर तुम्हाला फक्त बदामची पानं टाकता येतात. समोरचा शेजारच्या इस्पिकच्या चौकोनात असेल तर तो इस्पिक टाकणार. म्हणजे हातात बदाम भरपूर असतील तर सगळं युद्ध त्या चौकोनात ओढून आणायचं, आणि आपला बदाम संपत आलाय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. चेहरा दिसत नाही हे ऑनलाइनचं सुखच म्हणायचं. कुठल्या सेनापतीकडे किती सैन्य आहे तेही झाकलेलं. ज्याचं पारडं हलकं तो पान टाकतो, मग दुसरा, असं चढत जातं. हरणाऱ्याचं जेवढ्याने उणं पडलं तेवढं सैन्य कापलं जातं आणि तेवढीच गावं मागे पळावं लागतं. म्हणून एकाने हरणं काही वाईट नाही. मोठ्या लढाईत हट्टाने पानं ओतून शेवटी हरलात तर कंबरडं मोडतं.

प्रशियावाल्याने जिंकायचं नसतं, तग धरायचा असतो. ठरावीक फेऱ्या झाल्या की दर फेरीला नशिबाचं एक पान उलटतं, आणि त्यातल्या एकावर रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ मरते. खरोखरीही ती जानेवारी १७६२ मध्ये गेली, रशिया युद्धातून बाहेर पडला आणि फ्रीडरिश वाचला. आता गंमत बघा: तिघं मित्रराष्ट्रं असली तरी जिंकतो एकटाच. त्यामुळे रशियावाला म्हणतो, मी मरायच्या आत उरक. ऑस्ट्रियावाला म्हणतो, मरू दे की, तोवर तू प्रशियाची पानं संपव. तुमच्या ग्रुपवर यावरून जे रंगेल ते कुठल्याही महागड्या खेळात मिळायचं नाही.

चौथा गायब झाला तर तिघांसाठी 'विजयनगर' आहे. १२९० ते १३९८: दिल्लीची सुलतानशाही, बहमनी, विजयनगर, आणि डोक्यावर मंगोल. देवगिरीचं दौलताबाद झालं तो हा काळ. आपल्या मातीतला आहे म्हणून सांगितला, पण नवशिक्यांना जड जाईल.

व्हॅसल या प्रोग्रॅमचं नाव कुणीतरी काढेलच. तेही फुकट आहे आणि खेळांचा साठा अफाट. पण इन्स्टॉल करावं लागतं, आणि व्हॅसल तुम्हाला फक्त पट आणि सोंगट्या देतं. नियम तुमचे तुम्ही सांभाळायचे.

पॅटन_फोडू

ठोकळेबाज आधुनिककडे कधी वळतच नाहीत :)

विन एसपी एमबीटी बघा. स्टील पँथर्स या जुन्या कंप्युटर खेळावरून बनवलेला आहे, फुकट उतरवता येतो, आणि १९४६ पासूनची जगभरची सैन्यं त्यात आहेत, भारत आणि पाकिस्तान धरून. चित्रं नव्वदीतली आहेत, पोरं हसतील. नकाशावरचा एक षट्कोन पन्नास मीटरचा. आपली पाळी खेळायची, फाइल सेव्ह करून मेलने पाठवायची, समोरचा ती उघडून आपली खेळतो.

सोबत एडिटर मिळतो. त्यात मी बसंतरची लढाई मांडली. डिसेंबर १९७१, शकरगड, आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे आणि समोर पाकिस्तानचे पॅटन. खरा पेच रणगाड्यांचा नाही, सुरुंगांचा आहे. सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सनी वाट पूर्ण मोकळी केलेली नाही आणि पलीकडे आपलं पायदळ मदतीची वाट बघतंय. थांबायचं की तसंच घुसायचं? ते घुसले होते. तुम्ही घुसून बघा.

पुणेकराला मात्र घरचा कंप्युटर लागेल.

नाशिकचा_गडी

सगळ्यांचे आभार. ठोकळेबाज, ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकला आणि लगेच दोघं फ्रीडरिश व्हायला तयार झाले. सीझर आजच सुरू करतोय.

एक उपप्रश्न. मराठ्यांचं काही नाही का? पानिपत वगैरे? आणि असलं तर इंग्रज किंवा अब्दाली व्हायला कोण तयार होणार?

ठोकळेबाज

पानिपत नको. शेवट सगळ्यांना पाठ असतो आणि भाऊसाहेब कुणी व्हायचं यावरून लढाईआधीच लढाई होते. असई खेळा. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्हा, शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज. आणि त्यासाठी कुठलाच सॉफ्टवेअर लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. फक्त एका माणसाने पंच व्हायचं.

ही कल्पना काही माझी नाही. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने क्रीगस्पील हा युद्धखेळ असाच बसवला होता: मोठा नकाशा, दोन मिनिटांची एक चाल, आणि मधे पंच. खेळाडू लेखी हुकूम देतात, काय घडलं ते पंच सांगतो, आणि ज्याला जेवढं दिसेल तेवढंच सांगतो.

आम्ही केलं ते असं. मी पंच. एकच जण वेलस्ली, म्हणजे इंग्रजांचा सेनापती. बाकी तिघं मराठा बाजूला: एक दौलतराव शिंदे, एक रघूजी भोसले, एक पोलमन (शिंद्यांच्या कवायती फौजेचा युरोपियन सेनानी). म्हणजे 'इंग्रज कोण होणार' हे भांडण एकाच माणसापुरतं उरतं, आणि त्याला एकट्याला खेळायला मिळतं म्हणून तो खूश असतो. तिघांना आपसात बोलायला सक्त बंदी. फोन नाही, वेगळा ग्रुप नाही. जे सांगायचं ते मला लिहायचं, आणि सांडणीस्वाराला किंवा घोडेस्वाराला जेवढा वेळ लागेल तेवढ्या चाली थांबून मी ते पुढे पाठवणार. स्वार वाटेत मेला तर नाही पाठवणार. आणि तो मेला हेही सांगणार नाही.

वेलस्लीपुढचा पेच खरा आहे. इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हनसनची फौज येऊन मिळाल्यावर, २४ तारखेला हल्ला करायचा बेत होता. आदल्याच दिवशी शत्रू समोर दिसतो. थांबायचं तर तो निसटणार. समोर केळणा नदी, पलीकडे शंभराच्या आसपास तोफा. वाटाडे सांगतात, उतार नाही, म्हणजे नदी ओलांडायला उथळ जागा नाही. नकाशावर मी उतार दाखवलेलाच नव्हता, पण केळण्याच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं काढली होती. गावं समोरासमोर असतील तर माणसं ये-जा करणारच आणि उतार असणारच, हे खऱ्या वेलस्लीने ताडलं होतं. आमच्या वेलस्लीने दोन दिवस विचार केला आणि मग विचारलं, 'या गावांतली लग्नं एकमेकांत होतात का?' मी उठून टाळ्या वाजवल्या.

मग मराठा बाजूला जी धमाल उडाली! पोलमनची पलटण सुरुवातीला केळण्याच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभी. इंग्रज पूर्वेकडून नदी उतरून आले तेव्हा त्याने खऱ्या पोलमनसारखीच सगळी फळी फिरवून पूर्वेकडे तोंड केलं. उजवा हात केळण्यावर, डावा जुई नदीकाठच्या असई गावावर. लगेच शिंद्यांना लिहिलं, 'डाव्या बगलेला घोडदळ पाठवा.' निरोप दोन चाली उशिरा पोहोचला. शिंद्यांना फळी फिरल्याचं ठाऊकच नाही. त्यांच्या लेखी डावी बाजू म्हणजे अजून पूर्व. पश्चिमेला उभं असलेलं अख्खं घोडदळ त्यांनी पूर्वेला सोडलं, ते थेट पोलमनच्या तोफांसमोरून. पोलमनला तोफा बंद कराव्या लागल्या. तो मला लिहितो, 'हे कोण आहेत?' मी म्हटलं, धुळीमुळे ओळखू येत नाही. भोसल्यांनी या सगळ्या काळात एकच पत्र पाठवलं, पगाराबद्दल.

एवढं होऊनही इंग्रजांची हालत वाईट झाली. असई गावाच्या अंगाने जो गेला तो भाजून निघाला, आणि प्रत्यक्षातही त्याच टोकाला ७४ वी पलटण कापली गेली होती. खऱ्या लढाईत त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. आमच्याकडे वेलस्लीने त्याहून जास्त घालवले आणि शेवटी उतारावरून मागे गेला.

पंचाला काम भरपूर पडतं, हे आधीच सांगून ठेवतो. फासे मी टाकायचो, आकडे कुणाला दाखवायचो नाही. पंच भित्रा किंवा पक्षपाती असला की खेळ मेला. पॅटन_फोडूंना घ्या हवं तर.

पॅटन_फोडू

मी शिंदे होणार. कंपास घेऊन.

भोकरदनकर

गाव आमच्या तालुक्याच्या लगतच आहे म्हणून एक सुचवतो. आजचा उपग्रहाचा नकाशा जसाच्या तसा उचलू नका, आता नद्यांवर धरणं-बंधारे झालेत. नद्यांचा मार्ग आणि गावं घ्या, पाण्याचं तुम्ही ठरवा. सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस झाला असेल तर दोन्ही नद्यांना पाणी असतं, काठही उभे. तोफा हव्या तिथून उतरणार नाहीत हे पंचाने पक्कं लक्षात ठेवावं.

नाशिकचा_गडी

ठरलं. श्टुटगार्टवाला वेलस्ली, तो एरवीही कुणाचं ऐकत नाही. पुणेकर पोलमन, जर्सीवाला भोसले, पॅटन_फोडू शिंदे, पंच मी. दिवसाला एक चाल, रात्री बारापर्यंत हुकूम आला नाही तर सैन्य जागेवर उभं. फ्रीडरिश त्यानंतर.

ठोकळेबाज, नकाशा काढायला घेतोय. अंतरं किलोमीटरमध्ये टाकू की कोसांत?

ठोकळेबाज

मराठ्यांना कोसांत. वेलस्लीला मैलांत. आणि कोस केवढा धरलाय ते कुणालाच सांगू नका.