पोलिसाने हेल्मेट घातलं की तो लगेच ‘रोबो’ कसा होतो?

हवालदाराची_लेक

परवा एकाने मोर्च्याच्या बंदोबस्ताचा फोटो टाकला. पोलिसांच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात बॉडी प्रोटेक्टर, हातात ढाल. खाली ओळ: ‘निःशस्त्र नागरिकांसमोर हे रोबो कशाला उभे केलेत? घाबरवायला?’ तिथे उत्तर लिहायला बसले, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा काढते.

अंगात असतं ते बुलेटप्रूफ नव्हे. फोम आणि प्लॅस्टिकचं कवच असतं, दगड आणि बाटली अडवण्यापुरतं. त्याने गोळी अडत नाही आणि ते घालून कोणी लढाईला निघत नाही. माझे वडील बंदोबस्ताला जायचे तेव्हा हातात वेताची ढाल आणि डोक्यावर नुसती टोपी असायची. कपाळावर टाके घेऊन आलेले मी त्यांना पाहिलंय. ते सांगायचे, दगड सुरू झाले की टोपीवाला शिपाई दोनच गोष्टी करू शकतो. पळू शकतो किंवा लाठी घेऊन धावू शकतो. ज्याच्या पुढे ढाल आहे तो उभा राहू शकतो.

मला एवढंच म्हणायचंय. ज्याला स्वतःच्या डोक्याची भीती नाही, तो लाठीकडे आणि बंदुकीकडे उशिरा जातो. हेल्मेट पोलिसाचं डोकं वाचवतं आणि मोर्चेकऱ्याचंही. ‘रोबो’ म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातला एक माणूस त्या रांगेत उभा करावा आणि मग फोटो काढावा.

धरणेवाला_मास्तर

ताई, वडिलांबद्दल आदर आहे, पण पूर्ण असहमत.

ढालीला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती केव्हा चढवली याला. आम्ही विनाअनुदानित शाळांचे शिक्षक. वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवतो आणि दर अधिवेशनाला धरणं धरतो. एकदा जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसलो होतो. घोषणासुद्धा सुरू नव्हत्या. दोन गाड्या आल्या, दंगा काबू पथक उतरलं आणि हेल्मेटच्या काचा खाली ओढून समोर उभं राहिलं. मुलं घेऊन आलेल्या शिक्षिका पंधरा मिनिटांत उठून गेल्या. दगड सोडा, आमच्याकडे खडूसुद्धा नव्हता. तो पोशाख आम्हाला आधीच सांगत होता की तुम्ही दंगेखोर आहात.

आणि उशिराची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. ‘जीव धोक्यात होता’ हे कारण दरवेळी तयारच असतं.

शेवटचा मुद्दा. ते प्रोटेक्टर चढवलं की छातीवरची नावाची पट्टी झाकली जाते. मला कोणी मारलं हे मी कसं सांगायचं? अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलंय, पुढे कायद्यातही आलं. लाठी चालवणाऱ्याला मात्र चेहरा नाही आणि नावही नाही.

पेठकर

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर विचारतो. दगडापासून डोकं वाचवायला पोलिसाला हेल्मेट पाहिजे, मग दुचाकीवर का नको? आमच्या चौकात मला अडवून पावती फाडली, आणि फाडणारा संध्याकाळी बिनहेल्मेटचा घरी जाताना मी डोळ्यांनी पाहिला. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तो उगाच नाही. शहरात वीस-पंचवीसच्या पुढे गाडी जात नाही. मान आखडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आधी खड्डे बुजवा.

रात्रपाळीची_सिस्टर

पेठकर, खड्डे बुजवाच. पण तुमच्या त्या ‘वीस-पंचवीस’च्या वेगाने पडलेली माणसं मी वॉर्डात बघते. डोकं रस्त्याला नुसत्या उंचीवरून आपटलं तरी पुरतं. आत रक्तस्राव झालेला माणूस आधी नीट बोलतो, चहा मागतो आणि दोन तासांनी बेशुद्ध होतो. हात मोडलेला घरी जातो. डोक्याला लागलेल्याचं घरच बसतं.

पेठकर

म्हणजे पादचाऱ्यांनाही हेल्मेट घाला. जिन्यावरून पडणाऱ्यांनाही घाला. मला माझ्या डोक्याचं काय करायचं ते ठरवू द्या. आणि पोलिसांबद्दल मी विचारलं त्याचं उत्तर कुठाय?

रात्रपाळीची_सिस्टर

तुमच्या डोक्याचं तुम्ही ठरवता आणि नंतर ते डोकं तुमची बायको महिनोन्‌महिने उशीवर वळवत बसते. तिला विचारलंत का? मी अशा बायकांना नळीने भरवायला शिकवते. म्हणून हा विषय मला ‘स्वातंत्र्य’ वगैरे वाटत नाही.

पोलिसांबद्दल: मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम १२९ त्यांनाही लागू आहे. बिनहेल्मेटचा पोलीस चुकतोच, त्याचीही पावती फाडा. पण तो चुकतो म्हणून तुमची कवटी जाड होत नाही.

पेठकर

कवटीवर घसरू नका, मी सभ्यपणे बोलतोय. जे स्वतः पाळत नाहीत त्यांनी सक्ती करू नये, एवढं साधं आहे. पोशाखाबद्दल लोकांच्या मनात राग आहे तो इथूनच येतो. आम्हाला दंड आणि त्यांना सूट.

कोल्हापूरचा_गडी

पेठकर, आमच्याकडं पण हेच. आणि दुकानात आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी हमरस्त्याला टोपल्यासारखी ढिगानं विकत्यात. कारवाई विकणाऱ्यावर कुणी करत न्हाई, डोक्यावर घालणाऱ्याला धरत्यात.

हवालदाराची_लेक

हा धागा हेल्मेटसक्तीचा नाही! कृपया.

मास्तर, तुमच्याकडे येते. मावळबद्दल मला पोलिसांची वकिली करायची नाही, माणसं गेली. पण ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानात काय झालं तेही आठवा. गाड्या जाळल्या, महिला शिपायांच्या अंगावर हात टाकले. जमाव शांत बसेल असं धरून चालण्याची किंमत त्या मुलींनी दिली. सामान गाडीत ठेवा आणि वेळ आली की चढवा, असं म्हणणाऱ्याने एकदा गर्दीत उभं राहून गुडघ्याचे पट्टे बांधून दाखवावेत.

आणि बुलेटप्रूफ नसलं की काय होतं ते २६/११ ला मुंबईने पाहिलं. तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. करकरेसाहेब सीएसटीला हेल्मेट आणि जाकीट चढवताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. तेव्हा कोणी ‘रोबो’ म्हटलं नाही.

धरणेवाला_मास्तर

करकरे-ओंबळे मध्ये आणू नका! त्यांच्यासमोर एके-४७ होती, तुमच्यासमोर मी आहे. हीच तर तुमची गल्लत. अतिरेक्यांशी लढणाऱ्या पोलिसांबद्दलची सहानुभूती तुम्ही धरण्याच्या बंदोबस्ताला लावताय.

आणि त्या जाकिटाचं पुढे काय झालं तेही पूर्ण सांगा. ते गहाळ झालं. कविताताई करकरे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारत राहिल्या. खुद्द एटीएस प्रमुखाच्या जाकिटाचा हिशेब ज्यांना देता आला नाही, ते आमच्यासमोर उभं राहायला मात्र पूर्ण तयारीने येतात.

हवालदाराची_लेक

तो राग माझ्यावर काढू नका. निकृष्ट सामान, हरवलेलं जाकीट, याचा सगळ्यात जास्त राग पोलिसांच्या घरातच असतो.

गडचिरोलीकर

तुम्ही सगळे शहरातला फोटो धरून भांडताय. आमच्याकडे सी-६० चे, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान जंगलात पायी जातात. रायफल, काडतुसं, पाणी, दोन-तीन दिवसांचं जेवण. त्यावर जड जाकीट म्हणजे दमून मागे पडणं, आणि मागे पडणारा मारला जातो. म्हणून बरेचदा ते नकोच वाटतं. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेला. तिथे कुठलं जाकीट कामाला येणार होतं?

लोकांच्या नजरेचं म्हणाल तर इथे ती रोज दिसते. चट्ट्यापट्ट्याच्या वर्दीतली तुकडी गावात शिरली की दारं लागायची. तेच पोलीस दादालोरा खिडकीत, म्हणजे ठाण्यातल्या मदत केंद्रात, साध्या गणवेशात बसून जातीचा दाखला, आधार कार्ड, बी-बियाण्यांची कामं करून देतात तेव्हा म्हातारी त्यांच्याशी माडियात भांडते. एवढी भीती कमी होते. त्यामुळे मास्तरांचं मला अर्धं पटतं. पोशाखाने फरक पडतो. पण तो जंगलात काढून ठेवा म्हणणाऱ्याला मी गावात घेणार नाही.

बारा_तास_उभी

नोकरीत आहे, नाव देत नाही.

तुम्ही आमच्याबद्दल बोलताय, जरा आमचं ऐका. प्रोटेक्टर पुरुषांच्या मापाचं येतं. छातीवर दाबलं जातं आणि खांद्यावर उचलून गळ्याला घासतं. वरचा पट्टा घट्ट केला तर श्वास कोंडतो, सैल सोडला तर धावताना वर सरकतं. एप्रिलच्या उन्हात आत घामाची धार असते. बाथरूमला जायचं तर सगळं उतरवायला दुसरी बाई लागते, म्हणून आम्ही बंदोबस्ताच्या दिवशी पाणीच पीत नाही. हेल्मेटच्या काचेवर एवढे ओरखडे की समोरचा हात उचलतोय की नमस्कार करतोय ते कळत नाही. मास्तर, तुम्हाला आमचा चेहरा दिसत नाही म्हणता. आम्हालाही तुमचा दिसत नाही.

तरी मी ते घालते. मागे एका मिरवणुकीत माझ्या शेजारचीने गरम होतंय म्हणून हेल्मेट काढून हातात धरलं होतं. नारळ आला. तिचा डावा डोळा गेला. कोणी फेकला ते आजपर्यंत कळलेलं नाही, त्या गर्दीलाही नावाची पट्टी नसते.

धरणेवाला_मास्तर

ताई, वाईट वाटलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

ठीक आहे, हेल्मेट घाला. त्यावर मी पुन्हा बोलणार नाही. पण बसलेल्या शिक्षकांसमोर पहिली रांग साध्या गणवेशातली ठेवा, सामानवाली तुकडी मागे गाडीजवळ थांबू दे. आणि हेल्मेटवर पुढे-मागे मोठा नंबर रंगवा. नाव नको. नंबर.

हवालदाराची_लेक

पहिल्या रांगेचं मला मान्य नाही. दगड पहिल्या रांगेलाच लागतो. नंबरही मनापासून नाही. व्हिडिओत नंबर टिपून माणूस शोधून काढतात आणि त्याच्या पोरांच्या शाळेपर्यंत पोचतात. पण नंबर कोणाचा हे फक्त ठाण्यात कळणार असेल, तर बरं, असू दे.

पेठकर

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. वाहतूक पोलिसांच्या हेल्मेटवरही नंबर रंगवा म्हणजे बिनहेल्मेटचा कोण ते कळेल.

रात्रपाळीची_सिस्टर

बिनहेल्मेटच्याचा नंबर हेल्मेटवर कसा दिसेल, पेठकर? गाडीला पाटी आहे. फोटो काढा आणि तक्रार करा. करा मात्र.

बारा_तास_उभी

नंबरचं बोलताय म्हणून सांगते. आमच्याकडे हेल्मेट कोणा एकाचं नसतं. व्हॅनमधून ढीग उतरतो, हाताला येईल ते घ्यायचं. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाच्या आत आधीच्याचा घाम. सकाळी मी घातलेलं दुपारी दुसऱ्याच्या डोक्यावर. त्यावर नंबर रंगवलात तर मार देणारा एक आणि चौकशी भलत्याचीच.

आधी प्रत्येकाला आपलं स्वतःचं, आपल्या मापाचं हेल्मेट सहीवर द्या. बायकांना बायकांच्या मापाचं प्रोटेक्टर द्या. तुमच्या पुढच्या निवेदनात तुमच्या पगाराखाली ही एक ओळ घालाल का, मास्तर? आम्हाला निवेदन देता येत नाही. ते मिळालं तर माझा नंबर मी स्वतः रंगवून घेते.