न्यूक्लिओसोम 'बसतो' की 'बसवला जातो'? 'पोझिशनिंग' आणि 'रीमॉडेलिंग'साठी मराठी शब्द

प्रश्न

पेशीविज्ञानावरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. 'न्यूक्लिओसोम पोझिशनिंग' आणि 'क्रोमॅटिन रीमॉडेलिंग' या दोन संज्ञांपाशी अडले. पहिलीसाठी 'स्थाननिश्चिती' लिहून पाहिले, पण त्यातून संशोधकांनी जागा शोधून काढली असा अर्थ निघतो. नुसते 'स्थान' लिहावे तर जागा ठरण्याची क्रिया निसटते. 'स्थानबद्धता' सुचले होते, पण तो शब्द कैदेसाठी रूढ आहे. आणि 'रीमॉडेलिंग'ला 'पुनर्रचना' चालेल का?

प्रतिसाद

'स्थाननिश्चिती'बद्दलची शंका रास्त आहे. निदान जसे वैद्य करतो, रोग करत नाही, तशी निश्चिती करणारा कायम बाहेरचा असतो.

शब्दाआधी वस्तू डोळ्यांपुढे आणू. डीएनएचा सुमारे १४७ बेस-जोड्यांचा (बेस म्हणजे ए, टी, जी, सी ही डीएनएची चार 'अक्षरे') तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. हा झाला न्यूक्लिओसोम. अशा न्यूक्लिओसोमांची माळ म्हणजे क्रोमॅटिन. शेजारच्या दोन न्यूक्लिओसोमांमध्ये डीएनएचा छोटा मोकळा भाग राहतो. वेढ्यात गेलेल्या डीएनएपर्यंत इतर प्रथिनांना सहज पोचता येत नाही, त्यामुळे न्यूक्लिओसोम नेमका कुठे आहे याचा जनुक चालू होण्याशी थेट संबंध येतो.

ही जागा ठरवते कोण? इंग्रजी 'पोझिशनिंग' यावर काहीच बोलत नाही. मराठीत मात्र 'बसणे' की 'बसवणे' हे क्रियापद वापरतानाच ठरवावे लागते. मला हे फार मोलाचे वाटते, कारण या विषयातला मोठा वाद नेमका याच दोन क्रियापदांमधला होता.

'बसतो' म्हणणाऱ्यांची बाजू अशी. हिस्टोनांभोवती वळायला डीएनएला बरेच वाकावे लागते आणि सगळे क्रम सारखे वाकत नाहीत. डीएनएच्या पिळाची लहान खाच जिथे हिस्टोनांकडे वळते, तिथे साधारण दर १० बेसनंतर एए, टीटी किंवा टीए आले आणि ती बाहेर वळते तिथे जीसी आले, तर वळण सोपे होते. उलट ए-टीची लांब सलग रांग ताठ असते. तिथे न्यूक्लिओसोम सहसा टिकत नाही. १९९८ साली कृत्रिम क्रमांच्या मोठ्या संग्रहातून '६०१' नावाचा क्रम निवडला गेला. तो हिस्टोनांना इतका घट्ट बिलगतो की प्रयोगशाळांत आजही सर्रास वापरला जातो.

२००६ साली या पसंतीला जीनोममधला 'कोड' म्हटले गेले. मराठीत मी इथे 'संकेत' लिहिणार नाही. तीन बेसचा संकेत ठरावीक अमिनो आम्लाकडे बोट दाखवतो. इथे तसे काही नाही. इथे 'कल' शब्द चपखल बसतो. जमिनीचा कल असेल तिकडे पाणी जाते, पण बांध घातला की अडते.

आता 'बसवतो'ची बाजू. यीस्टमध्ये बहुतेक जनुकांच्या आरंभापाशी न्यूक्लिओसोम-विरळ पट्टा असतो, त्याला लागून पहिला न्यूक्लिओसोम पक्क्या जागी असतो आणि तिथून पुढे सुमारे १६५ बेस-जोड्यांच्या अंतराने रांग लागते. नुसते डीएनए आणि शुद्ध हिस्टोन एकत्र केले तर विरळ पट्टा काही अंशी दिसतो, रांग मात्र लागत नाही. २०११ साली त्यात यीस्टच्या पेशींचा अर्क आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) घातल्यावर ती लागली. २०१६ साली अर्काऐवजी शुद्ध केलेली मोजकी प्रथिने घेऊनही ती लावता आली. म्हणजे रांग लावणारे आहेत एटीपी खर्चून काम करणारे रीमॉडेलर, म्हणजे न्यूक्लिओसोम हलवणारी प्रथिने.

माझी सूचना: नाम म्हणून 'मांडणी' घ्या, वाक्यात प्रसंगानुसार 'बसतो' किंवा 'बसवतात' म्हणा. 'मांडणी'त क्रियाही आहे आणि तिचे फळही.

आणखी एक प्रतिसाद

'मांडणी' पटली, आणि 'रीमॉडेलिंग'चा प्रश्नही त्यातूनच सुटतो: 'फेरमांडणी'. 'पुनर्रचना' म्हटले की वस्तूची घडणच बदलली असे वाटते. प्रत्यक्षात रीमॉडेलर बऱ्याचदा न्यूक्लिओसोम फक्त सरकवतात. डीएनए थोडाथोडा ओढून घेत ते हिस्टोनांचा गठ्ठा पुढेमागे नेतात. गठ्ठा तोच राहतो.

मात्र एकच शब्द सगळीकडे ताणू नये. स्विच/स्निफ कुटुंबातली प्रथिने न्यूक्लिओसोम उखडूनही टाकतात, तिथे 'उखडणे' असेच लिहावे. आयस्वी आणि सीएचडी कुटुंबांतली अनेक प्रथिने अंतरे सारखी करतात, तिथे 'रांग लावणे' पुरेसे आहे. आयएनओ८० कुटुंबातले एसडब्ल्यूआर१ एच२ए हिस्टोन काढून त्याचाच वेगळा प्रकार एच२ए.झेड बसवते, ती 'अदलाबदल'.

'क्रोमॅटिन'ला हात लावू नका. ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग. रंग पटकन शोषणारा पेशीतला पदार्थ म्हणून वाल्टर फ्लेमिंगने १९व्या शतकात हे नाव दिले. आज रंगाचा संदर्भ मागे पडला आहे आणि वाचकाला 'क्रोमॅटिन'च ओळखीचे आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. 'मांडणी', 'फेरमांडणी' आणि 'कल' घेते. 'ऑक्युपन्सी'साठी 'व्याप्ती' लिहिले आहे, ते बरोबर आहे ना?

प्रतिसाद

'भोगवटा' घ्या. व्याप्ती म्हणजे पसारा. इथे विचारायचे आहे की ही जागा किती पेशींमध्ये न्यूक्लिओसोमच्या ताब्यात आहे. मांडणीपासून ते वेगळे ठेवणे गरजेचे आहे. एखादा बेस जवळजवळ प्रत्येक पेशीत वेढ्याखाली असेल, पण न्यूक्लिओसोमचा मध्य दर पेशीत थोडा इकडेतिकडे असेल, तर भोगवटा जास्त आणि मांडणी सैल.

प्रश्नकर्ती

असे वाक्य केले आहे: 'डीएनए-क्रमाचा कल असेल तिथे न्यूक्लिओसोम बसतो, रीमॉडेलर त्याला तिथून हलवून रांगेत बसवतात.'

प्रतिसाद

'तिथून हलवून' काढावे. त्यातून क्रम एका बाजूला आणि रीमॉडेलर विरुद्ध बाजूला असे चित्र उभे राहते. पण रीमॉडेलरही क्रम ओळखतात. ए-टीची तीच सलग रांग हिस्टोनांना ताठपणामुळे नकोशी असते आणि यीस्टमधल्या आरएससी या रीमॉडेलरला खुणेसारखी उपयोगी पडते. ती पाहून तो न्यूक्लिओसोम बाजूला सारतो आणि विरळ पट्टा रुंद करतो. माझ्या मते वाक्य असे हवे: 'डीएनए-क्रमाचा कल असेल तिथे न्यूक्लिओसोम सहज बसतो, रीमॉडेलर काही ठिकाणी त्याच क्रमातल्या खुणा ओळखून, एटीपी खर्चून, त्याला रांगेत बसवतात.'