‘कयाक वल्हवत अटलांटिक पार’ : क्रियापद बरोबर आहे का?

प्रश्न

दिवाळी अंकासाठी आलेक्सांदर दोबा या पोलिश गृहस्थांवर लेख लिहितो आहे. लोक नातवंडं सांभाळतात त्या वयात यांनी अटलांटिक तीनदा कयाकमधून पार केला. २०१०-११ मध्ये सेनेगलच्या डाकारहून ब्राझीलला, ९९ दिवसांत. २०१३-१४ मध्ये लिस्बनहून फ्लोरिडाला. त्यात सुकाणू मोडलं म्हणून बर्म्युडाला थांबावं लागलं. २०१७ मध्ये न्यू जर्सीहून फ्रान्सला, ११० दिवस, तेव्हा सत्तरी उलटून गेलेली.

अडला आहे तो शब्द. ‘कयाक चालवत’ लिहिलं की रिक्षा वाटते, ‘हाकत’ म्हणजे बैलगाडी. ‘वल्हवत’ लिहिलं, तर संपादकबाई म्हणतात, वल्हवतात ती होडी, कयाक नव्हे. आणि समुद्र ‘पार करतात’ की ‘ओलांडतात’?

प्रतिसाद १

वल्हवत. हातात वल्हं आहे ना? मग झालं.

प्रतिसाद २

संपादकबाईंची शंका अगदीच वावगी नाही, पण उत्तर ‘वल्हवत’च.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, कारण कामंच दोन वेगळी आहेत. एका प्रकारात होडीच्या काठाला खुंटी असते, तिला दोरीचा वेढा, त्यात वल्हं अडकवलेलं. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो आणि वल्हं छातीकडे ओढतो. दुसऱ्यात वल्हं कुठेच बांधलेलं नसतं, ते नुसत्या हातांवर तोललेलं असतं आणि माणूस तोंड पुढे करून बसतो. कयाक या दुसऱ्या प्रकारातली. तिचं वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

मराठीनं हा भेद क्रियापदात केलेला नाही. खाडीत एकटा माणूस होडीच्या मागच्या टोकाला बसून सुट्या वल्ह्यानं होडी पुढेही नेतो आणि वळवतोही, त्यालाही आपण वल्हवणंच म्हणतो. फरक दाखवायचाच असेल तर ‘दोन पात्यांचं वल्हं’ असं एकदा लिहा आणि पुढे चला. नवा शब्द पाडू नका, कृपा करून. ‘क्षेपणी’ वगैरे काढून कुणी बसलं तर वाचक लेख तिथेच सोडेल.

मात्र ‘कयाक’ हा शब्द वाक्यातून गाळू नका. ‘अटलांटिक वल्हवत पार केला’ एवढंच लिहिलंत तर सरकत्या बैठकीच्या, खुंटीतल्या वल्ह्यांच्या नावाही त्यात येतात. तशा नावांतून अटलांटिक पार केलेले लोक पुष्कळ आहेत, कयाकवाले मोजके.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत, पण ‘वल्हवत’ सरसकट सगळ्यांना लावू नका. क्रियापदात वल्हं आहे, म्हणजे नाव वल्ह्यानं गेली असली पाहिजे.

हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांनी १९५६ मध्ये कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघून ७२ दिवसांत अटलांटिक पार केला. नाव होती घडीची कयाक, म्हणजे लाकडी सांगाड्यावर रबरी कापड ताणलेली, सव्वापाच मीटरची. पण तिला शीड होतं. वाटेत ती पालथी झाली आणि ते रात्रभर तिला धरून राहिले. पराक्रम मोठाच, तरी ‘वल्हवत पार केला’ म्हणवत नाही. त्यांच्याआधी १९२८ मध्ये फ्रान्झ रोमर अशाच घडीच्या कयाकमधून, शिडाच्याच जोरावर, अटलांटिकपलीकडे पोचले. पुढच्या टप्प्यात वादळात बेपत्ता झाले.

एड गिलेट यांचं प्रकरण मधलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेहून हवाईच्या माउई बेटावर, दोघांसाठी बांधलेल्या साध्या बाजारी कयाकमधून, एकटे. ते पतंगाची ओढ वापरत. वारा पडला की वल्हं. शेवटी शिधा संपला तेव्हा दात घासायची पेस्टसुद्धा खाल्ली. इथे मी ‘वल्ह्याच्या आणि पतंगाच्या जोरावर’ असं लिहीन.

दोबांच्या कयाकला शीड नव्हतं. तुमच्या लेखात ‘वल्हवत’ शंभर टक्के बसतं, आणि ते लिहायलाच हवं, कारण त्यांचं वेगळेपण त्यातच आहे.

प्रतिसाद ४

‘ओलांडणे’ मला पायांचं वाटतं. उंबरठा, रस्ता, फार तर ओढा. शंभर दिवसांच्या कामाला ते तोकडं पडतं. ‘लांघणे’ मारुतीरायासाठी राखून ठेवा. ‘तरून जाणे’ लिहिलंत तर लोकांना वाटेल, बुवा पोहत गेले. ‘पार करणे’ ठीक. याहून सरळ म्हणजे ‘डाकारहून निघून ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले’. ‘किनाऱ्याला लागणे’ हा दर्यावर्द्यांचाच शब्द आहे, तो वापरायला कुणाची हरकत नसावी.

आणि ‘पार’मध्ये सरळ रेषा गृहीत धरू नका. जेम्स कॅस्ट्रिशन आणि जस्टिन जोन्स यांनी ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडला जाताना ६२ दिवस घेतले. मध्येच प्रवाहात सापडून ते मोठं वर्तुळ फिरून परत जवळपास तिथेच आले होते. ते २००८ च्या जानेवारीत पोचले. त्याआधी वर्षभर अँड्र्यू मकॉली याच टास्मान समुद्रात एकटे निघाले होते. न्यूझीलंडचा किनारा जवळ आला असताना नाहीसे झाले, कयाक तेवढी सापडली. त्यांच्याबद्दल ‘पार केला’ म्हणायचं की नाही, मला खरंच ठरवता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वाक्य असं केलं आहे: ‘सात मीटरच्या कयाकमधून, शीड न लावता, दोन पात्यांचं वल्हं मारत दोबा डाकारहून निघाले आणि ९९ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले.’ नाखवा, तांडेल, खलाशी सगळे तेच, असंही पुढे जोडतो आहे. एक राहिलं: ‘कयाकमधून’ की ‘कयाकेतून’? आणि ‘कयाकवर’ चालेल का?

प्रतिसाद २

ती बस, बसमधून. ती कयाक, कयाकमधून. ‘कयाकेतून’ कानाला खटकतं.

‘वर’ की ‘मध्ये’ हे नावेवर अवलंबून. इनुइट लोकांची मूळ कयाक सीलच्या कातड्यानं मढवलेली, माणूस कंबरेपर्यंत आत. गोव्यात पर्यटकांना देतात त्या प्लास्टिकच्या कयाक बऱ्याचदा सपाट, पाय बाहेर. तिथे ‘कयाकवर’ बरोबर. दोबांच्या नावेत झोपायला एक चिंचोळी खोलीही होती, तेव्हा ‘मध्ये’च. ती उलटली तर आपोआप सुलटी व्हावी अशी बांधलेली होती. हा ‘सुलटी’ शब्द लेखात जरूर घाला, हल्ली कुणी वापरत नाही.

प्रतिसाद १

आमच्याकडे वापरतात.