अवाच्या सवा वीजबिल: आधी भरायचं की आधी भांडायचं?

धागालेखक
आमच्या घरी महिन्याला साधारण १६० युनिट जळतात. या महिन्याचं बिल आलंय ४१२ युनिटचं. घरात नवीन यंत्र नाही, पाहुणे नाहीत, माणसं तीच. दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे युनिट अडीचपट झाले तरी रक्कम जवळजवळ चौपट झाली. फोन केला तर उत्तर मिळालं, "आधी भरा, मग अर्ज करा. चूक निघाली तर पुढच्या बिलात वळती होईल." मला हे मुळातच मान्य नाही. चूक कोणाची हे ठरायच्या आत माझेच पैसे का अडकावेत? माझं मत स्पष्ट आहे: मीटर तपासून होईपर्यंत दमडीही भरू नये. तुमचं काय म्हणणं?

हिशेबी
तुमचा राग समजतो, पण अजिबात न भरणं हा उपाय नव्हे. थकबाकी चढते, तिच्यावर व्याज लागतं आणि तोडणीची नोटीस आली की मूळ वाद बाजूला राहून तुम्हीच थकबाकीदार ठरता. लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि नेहमीच्या वापराइतकी रक्कम भरण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. नियम ठिकाणागणिक बदलतात, तुमच्याकडचे वाचून घ्या.

आणि एक विचारतो. बिलावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा पाहिल्यात का? मागच्या बिलांवर 'सरासरी' किंवा 'अंदाजे' असा शेरा आहे का? मीटरवर संशय घेण्याआधी कागद वाचावा.

एकटी सांभाळणारी
मी पूर्ण बिल भरलं होतं आणि पुन्हा तशी वेळ आली तरी भरेन. माझी आई ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे. ते यंत्र सुमारे ३५० वॉट घेतं, दिवसरात्र चालतं, म्हणजे रोजचे आठ युनिट त्याचेच. वीज तोडली गेली तर मी कोणत्या तत्त्वाला धरून बसू? माझा जास्तीचा पैसा वळता व्हायला सहा महिने लागले. ते सहा महिने फार ओढाताणीचे गेले, हेही खरंच. "भरू नका" असं सरसकट सांगू नका, एवढीच विनंती. प्रत्येकाला ते परवडत नाही.

शंकेखोर
मी धागालेखकाच्या बाजूने. मीटर चुकूच शकत नाही असं धरून सगळे ग्राहकालाच कामाला लावतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने केलेल्या आणि २०१७ मध्ये गाजलेल्या चाचणीत नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी पाच मीटरनी प्रत्यक्षापेक्षा जास्त वापर दाखवला, एका प्रसंगी तर ५८२ टक्के जास्त. मग तपासणी आधी मागण्यात गैर काय?

जुना वायरमन
तीच चाचणी पूर्ण सांगा. त्यात डिमर लावलेल्या दिव्यांसारखा, विजेची लाट कापणारा भार मुद्दाम जोडला होता, आणि दोन मीटरनी प्रत्यक्षापेक्षा कमीही दाखवलं. साध्या घरात तेवढी चूक निघेल असा अर्थ त्यातून काढता येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मीटर सदोष निघाला असे प्रसंग थोडे, घरातच वीज गळत होती असे पुष्कळ.

धागालेखक, दहा मिनिटांचं काम आहे. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि सेट-टॉप बॉक्सचेही प्लग काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. आता मीटरवरचा लाल दिवा बघा. मीटरवर 'इम्पल्स' म्हणून आकडा लिहिलेला असतो, म्हणजे एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो. तो ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतील. मग मेन बंद करून बघा. तरीही लुकलुकत राहिला तर मीटरमध्ये दोष असेल किंवा मेनच्या आधी कोणी तार जोडलेली असेल. तेव्हा खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. मेन बंद केल्यावर थांबला तर वीज घरातच जातेय.

एसीची जाळी, फ्रिजच्या दाराचं रबर हे नंतर बघू. सगळं बंद असताना काय जळतंय ते आधी कळू द्या.

धागालेखक
काल रात्री केलं. मेन बंद केल्यावर दिवा थांबला. मेन चालू आणि बाकी सगळं बंद असताना मात्र दर १६ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ७० वॉट, तेही कशासाठी नाही! एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनची आपोआप पडणारी कळ) पाडत गेलो, गिझरची पाडली आणि थांबला. गिझरचं बटण बंदच होतं.

हिशेबींचंही खरं निघालं. मागची दोन्ही बिलं 'सरासरी' म्हणून ११०-११० युनिटची होती, माझ्या लक्षातच आलं नाही. तीन महिन्यांचे मिळून ६३२, नेहमीचे धरले तर ४८०. फरक १५२. आणि ७० वॉट अखंड म्हणजे महिन्याला ५० युनिट. हिशेब जुळतो.

जुना वायरमन
बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तोडतंय. एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या दांडीला, तडा गेलाय, त्यामुळे बटण बंद असतानाही फेज पाण्यातून आणि टाकीच्या अंगातून जमिनीत जातोय. ७० वॉट म्हणजे ०.३ अँपियर. आर्थिंग शाबूत होती म्हणून तुम्ही इथे लिहिताय. गिझरला हात लावू नका, एमसीबी पाडलेलीच राहू द्या.

हिशेबी
म्हणजे जास्तीचे १५२ युनिट तुमच्याच घरात जळले. ते भरायलाच हवेत. भांडण फक्त टप्प्यांचं उरतं. ६३२ युनिट तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला २११ येतात. ४१२ एकाच महिन्यात दाखवून वरच्या टप्प्याचा दर लावणं चूक आहे. तक्रारीत मीटरचा आरोप काढून टाका आणि तीन महिन्यांत विभागणी मागा.

धागालेखक
अर्ज तसा बदलला. नेहमीची रक्कम भरून पोचही घेतली. पण सगळा दोष मी अंगावर घेणार नाही. पहिल्याच महिन्यात खरं रीडिंग घेतलं असतं तर बिल तेव्हाच वाढलं असतं आणि गळती तेव्हाच सापडली असती. अंदाजाच्या दोन बिलांनी ती झाकून ठेवली. त्या दोन महिन्यांत घरातली माणसं त्याच गिझरखाली आंघोळ करत होती.

हिशेबी
मीटर तुमच्याच भिंतीवर आहे. महिन्याच्या एक तारखेला फोटो काढून ठेवला असता तर ११० चा आकडा तुम्हालाच खटकला असता.

शंकेखोर
पगार रीडिंग घेणाऱ्याला मिळतो, ग्राहकाला नाही. हे ओझं आमच्यावर ढकलू नका.

जुना वायरमन
ते तुम्ही ठरवा. धागालेखक, आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ, बसवली का? तीस मिलिअँपियरची. तुमच्या घरातली गळती त्याच्या दहापट होती, ही कळ पहिल्याच दिवशी पडली असती. गिझर दुरुस्त होण्याआधी ती बसवून घ्या आणि बटणाची तार फेजवर घेतली का, तेही टेस्टर लावून बघायला सांगा.