आंबेवाल्याला वेबसाइट कशाला? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरे झालं!

कलमवाला:
मंडळी, आमची देवगडजवळ जामसंड्याला हापूसची कलमं आहेत. आधी सगळा माल वाशीला, दलालाची पट्टी आली की कळणार दर काय लागला ते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्केट मधेच बंद, मधेच चालू, मग नाइलाजाने व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं, कॅटलॉगमध्ये पेट्यांचे फोटो टाकले, पैसे यूपीआयवर, आणि आता निम्मा माल तरी थेट पुण्या-ठाण्यात लोकांच्या घरी जातो. तर पुण्यातला चुलतभाऊ मागे लागलाय, वेबसाइट काढ, तिच्यावर पैसे घ्यायला पेमेंट गेटवे लाव, आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट बसव. दोन महिन्यांच्या धंद्यासाठी वर्षभर वेबसाइट पोसायची? गिऱ्हाईक विचारतं, "दादा, आंबे तयार आहेत की अजून दोन दिवस अढीत ठेवू?" ते काय बॉट सांगणारे?

बग_शोधक:
दादा, तुम्ही दुसऱ्याच्या ओटीवर दुकान मांडलंय. ४ ऑक्टोबर २०२१ आठवा, जवळजवळ सहा तास व्हॉट्सअ‍ॅप ठप्प. शिवाय ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च माणसं, आणि त्यातही ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. नवीन गिऱ्हाईक गूगलवर "देवगड हापूस पुणे" टाकतं, त्याला तुम्ही दिसतच नाही, दिसतो तो ज्याने कलम आयुष्यात बघितलं नाही असा कुणीतरी.

कलमवाला:
ऑक्टोबरात आंबा विकतं कोण हो 😄 तेव्हा अजून मोहोराचा पत्ता नसतो.

बग_शोधक:
बरं ऑक्टोबर सोडा. १२ एप्रिल २०२५, शनिवार, भर सीझनमध्ये यूपीआय अडकलं होतं त्याचं काय?

कलमवाला:
मग तेव्हा तुमच्या वेबसाइटवर तरी यूपीआय चाललं असतं का? आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे दुकानदाराकडून कापली जाणारी फी, शून्य आहे. गेटवेवाला मात्र वर आपली फी लावणार. ती मी द्यायची की गिऱ्हाइकाने?

दापोलीची_सून:
तुम्ही दोघं अ‍ॅपवर भांडताय पण खरा माल तुमच्या गिऱ्हाइकांची यादी आहे. आमच्या ह्यांचा फोन ऐन मे महिन्यात विहिरीत पडला, बॅकअप घेतलेला नव्हता, म्हणजे चूक आमचीच. सगळे नंबर गेले, कुणाची किती डझनांची ऑर्डर तेही गेलं. वाचवलं सासूबाईंच्या वहीने, एसटीने पेट्या पाठवायच्या काळापासून नावं, पत्ते आणि "यांना साका चालत नाही, निवडून देणे" असले शेरे (साका म्हणजे आतून खराब निघालेला गर). आता दर रविवारी मुलगी ते एक्सेलमध्ये भरते. उद्या व्हॉट्सअ‍ॅप जाऊन दुसरं काही आलं तरी यादी आपलीच.

मुलुंडचा_खवय्या:
मी विकत घेणारा, म्हणून माझंही ऐका. गेल्या सीझनला अशाच एका झकास कॅटलॉगवरून पेटी मागवली, वर ठळक "देवगड", आत आंबे कुठले ते देव जाणे, आणि पैसे गेल्यावर त्या नंबरने ब्लॉक केलं. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, कोकणातल्या पाच जिल्ह्यांना, पण पेटीवर नाव छापायला छापखाना कुठलाही चालतो. २०२५ पासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर युनिक नंबरचं स्टिकर लावायला घेतलं, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की खरंखोटं कळतं, मला तंत्रज्ञान असलं हवंय. बॉट नको, "आंब्यासाठी १ दाबा" आलं की मी गपचूप कोपऱ्यावरच्या भय्याकडून घेतो.

बग_शोधक:
स्टिकरचा मुद्दा मान्य. पण काका, फसवणारा व्हॉट्सअ‍ॅपवरच भेटला ना? आज नंबर, उद्या गायब. स्वतःच्या नावाच्या डोमेनवर बागेचा नकाशा, फोटो, स्टिकरची माहिती असेल तर निदान माणूस कुठे बसलाय ते तरी कळतं.

मुलुंडचा_खवय्या:
खोटी वेबसाइट काढायला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा, तुमचाच धंदा आहे 🙂

बग_शोधक:
एक दुपार.

कलमवाला:
झालं! तरी एक पान काढून बघतो, नकाशा, स्टिकर आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. गेटवे नाही, बॉट तर नाहीच. ताई, यादीचं पटलं, आईच्या कपाटात पण अशीच वही आहे, चुलतभावाला रविवारी तीच टाइप करायला बसवतो. मजुरी दोन डझन आंबे.

दापोलीची_सून:
पेटीतले द्या हो, रसाच्या कॅनिंगला जातात ते नका देऊ 😄