अ‍ॅडल्ट आयसीयूमधून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) जावं का? ७ वर्षांचा अनुभव वाया जाईल का?

कोथरूडची सिस्टर
नमस्कार, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स, पुण्यातच मेडिकल आयसीयूला ७ वर्षं काढलीत. व्हेंटिलेटर, इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं), कोड ब्लू (हृदय किंवा श्वास थांबल्यावरची धावपळ) सगळं हाताखालून गेलंय. आता आमच्याच हॉस्पिटलच्या एनआयसीयूत २ जागा निघाल्यात, मेट्रनबाईंनी विचारलंय आणि शुक्रवारपर्यंत सांगायचंय. मागच्या महिन्यात स्टाफ कमी म्हणून दोन नाइट तिकडे पाठवलं होतं. एक ९२० ग्रॅमचं बाळ होतं, मांडी माझ्या अंगठ्याएवढी, एरवी डोळे झाकून कॅन्युला टाकणारी मी त्याला हात लावायला धजेना. सकाळी त्याची आई आली, तिथल्या सिस्टरनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं आणि रात्रभर वरखाली होणारं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९३ ला येऊन टिकलं. घरी आले तरी तेच डोळ्यांपुढे. पण भीती वाटते, सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का? आणि बाळ गेलं तर मला झेपेल का, माझी मुलगी ३ वर्षांची आहे.

एनआयसीयू ११ वर्षं
ये गं, नक्की ये. पंप, लाइन, इन्फेक्शन कंट्रोल, हँडओव्हर हे सगळं तुझ्यासोबत येईल, पण आकडे बदलतात. इथे हार्ट रेट १२० ते १६० नॉर्मल, श्वास ४० ते ६०. तिकडे सॅच्युरेशन ९९ दिसलं की बरं वाटतं, इथे ऑक्सिजनवरच्या प्रीटर्मचं (दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाचं) ९० ते ९५ मध्येच ठेवायचं, वर गेलं की ऑक्सिजन कमी करायचा, जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते, आरओपी म्हणतात ते. आणि रक्त, किलोला साधारण ८० ते ९० मिली, म्हणजे तुझ्या त्या ९२० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ७५-८० मिली, चहाचा अर्धा कप. त्यातलं १ मिली सॅम्पलला काढलं तरी चार्टवर लिहायचं.
बाळ सांगत नाही ना काही. श्वास थांबला की आधी तळपायाला हलकेच टिचकी मारायची, बऱ्याचदा तेवढ्याने घेतं, नाही घेतला तर लगेच अँबू (हाताने श्वास द्यायची पिशवी). पोट थोडं फुगलंय, रंग जरा मळकट वाटतोय, दूध पचत नाहीये, हे आधी सिस्टरलाच दिसतं आणि तेव्हा डॉक्टरांना उठवायला लाजायचं नाही.
बाळ जातं तेव्हा त्रास होतो, ११ वर्षांनीही होतो. जमेल तेवढ्या नळ्या काढून, स्वच्छ गुंडाळून आईच्या कुशीत देते, घाई करू देत नाही कुणाला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी कुणाशी बोलत नाही, घरच्यांना माहितीये.

पिंपरीवाली
हो म्हणायच्या आधी एक नक्की विचार, ओरिएंटेशन किती आठवड्यांचं देणार. मी आधी जिथे होते तिथे 'आयसीयूची आहेस, येतं तुला' म्हणून तिसऱ्याच दिवशी ३ बाळं एकटीवर टाकली. अँटिबायोटिकचा डोस ०.३ मिली, मी सवयीने ५ ची सिरिंज घेतली आणि ३ मिली भरला. दहापट. सोबतच्या सीनियरने क्रॉसचेकला हात धरला म्हणून बाळ वाचलं, माझे पाय थरथरत होते. तेव्हापासून १ मिलीचीच सिरिंज आणि दोघींनी हिशोब केल्याशिवाय औषध नाही. एनआरपीचा (नवजात बाळाला श्वास देऊन वाचवायचा) कोर्स करून घे, आयएपीचे (बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे) होत असतात. व्हेंटिलेटरवरच्या बाळाबरोबर अजून किती बाळं देणार तेही विचार, आणि लिहून घे. पगार म्हणशील तर माझा तोच राहिला.

हडपसरची आई
मी नर्स नाही, माझी मुलगी २९ आठवड्यांची झाली होती म्हणून लिहिते. सुरुवातीला मला दूधच येत नव्हतं, मिल्क बँकेचं दूध मिळालं, नंतर मी घरून काढून आइसबॉक्समध्ये घेऊन पीएमटीने यायचे. एका सिस्टरनी मला शिकवलं की बाळाला गोंजारायचं नाही, एक हात डोक्यावर आणि एक पायांवर नुसता ठेवायचा, स्थिर, म्हणजे ती दचकत नाही. पुढे बोंडल्याने पाजायलाही त्यांनीच शिकवलं. त्या आधी मोठ्यांच्या आयसीयूत होत्या म्हणे, नातेवाइकांशी कसं बोलायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं. रोज वजन सांगायच्या, १५ ग्रॅम वाढलं तरी फोन करायच्या. तुम्ही जा ताई.

कोथरूडची सिस्टर
सगळ्यांना खूप थँक्यू, हडपसरच्या ताईंचं वाचून रडले. आज मेट्रनबाईंना सांगितलं, येते, पण ६ आठवडे सीनियरसोबत ड्युटी हवी आणि तोवर एकटीला बाळ नको. त्यांनी ४ आठवड्यांचं लिहून दिलंय, बाकीचं बोलू म्हणाल्या. १ तारखेपासून जातेय. अकरा वर्षंवाल्या ताई, डोसचा हिशोब घरी सरावाला कसा करू तेवढं सांगा.