नागपूर–कन्याकुमारी कॅम्परने: डिझेलसाठी सवलतीचे कार्ड घ्यावे का?

वर्धा रोडवासी:
नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक डिझेल ट्रॅव्हलर विकत घेतली आणि तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याच्या टाकीची सोय करून तिचे रीतसर कॅम्परमध्ये रूपांतर करून घेतले. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय महामार्ग 44 ने कन्याकुमारीपर्यंत जाऊन परत यायचा बेत आहे. आडवाटेची फिरस्ती धरून एकूण अंतर सुमारे 4,500 किलोमीटर होईल आणि प्रवास बावीस दिवसांचा असेल. गाडी दहाचा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे 450 लिटर डिझेल लागेल. हिशेबासाठी लिटरला 90 रुपये धरले तर खर्च 40,500 रुपये होतो.

मोटारहोमने फिरणारे परदेशातील लोक प्रवासापूर्वी इंधनाचे सवलत कार्ड घेतात, असे वाचनात आले. आपल्याकडेही तेल कंपन्या आणि बँका यांची संयुक्त क्रेडिट कार्डे आहेत, शिवाय ट्रकवाल्यांची फ्लीट कार्डे वेगळी. बँकेतील प्रतिनिधीने मला "सव्वाचार टक्के वाचतील" असे सांगितले, त्यावरून मी 1,700 रुपयांची बचत मनात धरून बसलो आहे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, एवढ्या पैशासाठी ठरावीक कंपनीचाच पंप शोधत फिरण्यापेक्षा वाटेत दोन जेवणे बाहेर कमी करावीत. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी नागपूरकर:
काका, टक्केवारी खोटी नाही, पण ती कुठपर्यंत लागू आहे हे प्रतिनिधी सहसा सांगत नाहीत. माझ्याकडे भारत पेट्रोलियम व एसबीआय यांचे संयुक्त कार्ड आहे आणि मी ते घेतले तेव्हाच्या अटींवरून सांगतो. तुम्ही अर्ज करण्यापूर्वी आजच्या अटी एकदा वाचून घ्याव्यात. त्या कंपनीच्या पंपावर शंभर रुपयांमागे 13 पॉइंट मिळतात आणि चार पॉइंटांचा एक रुपया होतो, म्हणजे 3.25 टक्के. इंधनावर कार्ड वापरल्याबद्दल लागणारा एक टक्का अधिभार माफ होतो, तो मिळवून सव्वाचार टक्के. त्या अधिभारावरचा जीएसटी मात्र आपल्यालाच सोसावा लागतो.

खरी मेख पुढे आहे. एका बिलाच्या महिन्यात जास्तीत जास्त 1,300 पॉइंट मिळतात, म्हणजे 325 रुपये, आणि अधिभाराची माफीही महिन्याला 100 रुपयांपुरतीच असते. दोन्ही मर्यादा 10,000 रुपयांच्या खरेदीलाच संपतात. तुमचे उरलेले तीस हजार रुपये त्याच कार्डावर गेले, तर त्यांवर पॉइंट शून्य आणि एक टक्का अधिभार वर जीएसटीसह तुमच्या माथी. म्हणजे सवलतीच्या कार्डानेच डिझेल महाग पडेल. दहा हजारांनंतर कार्ड पाकिटात ठेवून यूपीआयने पैसे द्यावेत, हे बरे.

शिवाय दोन्ही लाभ एका वेळी 4,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारालाच मिळतात. तुमची टाकी रिकामी असताना पूर्ण भरली, तर बिल सहज पाच हजारांच्या वर जाईल आणि हाती काहीच लागणार नाही. त्यामुळे कार्डाने एका वेळी 44 लिटरच्या वर घेऊ नये. वार्षिक शुल्क 499 रुपये आहे. थोडक्यात, बिलाची तारीख प्रवासाच्या मध्ये आली तर दोन महिन्यांच्या मर्यादा वापरता येऊन 650 रुपये पॉइंटांतून मिळतील, अन्यथा 325. काकूंच्या नावावर स्वतंत्र कार्ड असेल तर त्याची मर्यादा वेगळी धरली जाते. तुमच्याच खात्यावरचे जोडकार्ड घेतले, तर दोघांत मिळून एकच मर्यादा राहते. फक्त या एका प्रवासासाठी मी कार्ड घेतले नसते. घरच्या गाडीत वर्षभर पेट्रोल भरता त्यासाठी मात्र ते घेण्यासारखे आहे.

वाडीचा जुना ट्रान्सपोर्टवाला:
फ्लीट कार्डाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. वाडीत माझे तीन ट्रक होते आणि इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर मी बरीच वर्षे वापरले. भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ड्राइव्हट्रॅक प्लस हीही त्याच जातीची कार्डे. मालकाने आधी पैसे भरायचे, कार्ड गाडीच्या नावाने, पिन ड्रायव्हरजवळ, आणि कुठल्या पंपावर किती डिझेल पडले ते घरबसल्या कळायचे. त्यावर पॉइंटही मिळतात, पण आम्ही ते कार्ड पॉइंटांसाठी घेत नव्हतो. ड्रायव्हरच्या हाती रोकड द्यावी लागू नये, हे त्याचे मुख्य काम. तुमच्या गाडीत मालक आणि ड्रायव्हर एकच असल्यामुळे (काकू चालवत असतील तर क्षमस्व) त्या पहाऱ्याची तुम्हाला गरज नाही.

डिझेलमध्ये पैसा कार्डापेक्षा राज्याच्या सीमेवर वाचतो, ही आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट आहे. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत आलेले नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा, त्यामुळे तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात गेली काही वर्षे डिझेल आपल्यापेक्षा लिटरमागे चार-पाच रुपयांनी तरी महाग आहे. नागपुरातून निघताना टाकी भरली, तरी पांढरकवड्याला थांबून ती पुन्हा काठोकाठ करावी, कारण पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागते. तिथून हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर करत कर्नाटकातल्या बागेपल्लीपर्यंत आठशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तुमची टाकी 65 लिटरची असेल तर मध्ये कुठेतरी पंचवीस-तीस लिटर घ्यावेच लागेल, ते तेवढेच घ्यावे आणि बागेपल्लीत टाकी भरावी. परतीला हाच क्रम उलटा. महाग मुलखात असे 55 लिटर टाळले तर एका बाजूचे पावणेतीनशे रुपये वाचतात, म्हणजे कार्डाच्या महिन्याभराच्या पॉइंटांच्या जवळपास, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. मात्र या नादात कॅनमध्ये डिझेल भरून गाडीत ठेवू नका. तुमच्या गाडीत गॅसची शेगडी आहे.

आणखी एक. कॅम्परवाल्याने पंप निवडताना रात्रीच्या मुक्कामाची जागा, पाणी आणि शौचालय पाहावे. महामार्गावर ट्रकवाल्यांसाठी बांधलेले मोठे पंप, उदाहरणार्थ भारत पेट्रोलियमचे "घर" किंवा इंडियन ऑइलचे "स्वागत", यांच्या आवारात तुमची गाडी आरामात वळते. तिथे डिझेल घेतले की मॅनेजरला नम्रपणे विचारावे; मला तरी रात्री गाडी उभी करायला क्वचितच कोणी नकार दिला. लॉजच्या एका रात्रीचे भाडे वाचले, तर तुमच्या पॉइंटांचा हिशेब फिका पडेल.

मानेवाड्याची ताई:
परदेशातल्या सल्ल्याबद्दल थोडे लिहिते. लेकीकडे गेलो असताना आम्ही अमेरिकेत भाड्याच्या मोटारहोमने नऊ दिवस फिरलो. तिथे भाव गॅलनवर असतो, एक गॅलन म्हणजे सुमारे 3.785 लिटर, आणि कित्येक पंपांच्या फलकांवर रोखीचा व क्रेडिट कार्डाचा असे दोन वेगळे दर लिहिलेले असतात. तिथली डिझेलची सवलत कार्डे प्रामुख्याने ट्रकच्या रांगेत चालतात आणि त्यांतली काही थेट तिथल्या बँक खात्याला जोडावी लागतात. भाड्याची मोटारहोम तर बहुधा पेट्रोलवर चालणारी असते. आमचे भारतीय कार्ड पंपावरचे यंत्र तिथला पिनकोड मागून नाकारायचे, म्हणून दर वेळी आत जाऊन आधी पैसे भरावे लागत. गुड सॅमसारख्या मोटारहोमवाल्यांच्या क्लबच्या सदस्यत्वावर गॅलनमागे काही सेंट सुटतात हे खरे, पण तिथली गाडी गॅलनला आठ-दहा मैलच जाते, त्यामुळे त्यांना त्या सेंटांचे अप्रूप. ते गणित जसेच्या तसे आपल्याकडे लावू नये.

वर्धा रोडवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. 1,700 रुपयांचे 325 झालेले पाहून सौभाग्यवतींनी काही न बोलता चहा पुढे ठेवला, त्यातच सगळे आले. पांढरकवडा आणि बागेपल्ली वहीत नोंदवून ठेवले आहे. आमच्या दुसऱ्या गाडीत महिन्याला साधारण पाच हजारांचे पेट्रोल लागते, म्हणून एक कार्ड घ्यावे असे आता वाटते. शंका एवढीच, की बिलाची तारीख प्रवासाच्या मध्यावर आणून घेता येते का?

हिशेबी नागपूरकर:
येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डधारकाला बिलाचे चक्र किमान एकदा बदलून मागता येते. कार्ड हाती आल्याबरोबर, म्हणजे नोव्हेंबरच्या आतच विनंती करा, कारण नवे चक्र लागू व्हायला एखादे बिल मध्ये जाऊ शकते. आणि महिन्याला पाच हजारांचे पेट्रोल असेल तर पॉइंटांतून वर्षाला 1,950 रुपये सुटतील. त्यातून 499 रुपये शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वजा करा.